अगाथा आत्याची पेंढी

आमच्या आत्याला आम्ही कडब्यावर निजवून मातीला दिलं.

हो, कडबाच. ज्वारीचा. जनावरं खातात तो.

दफनभूमीत कुजबुज झाली. एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हल्ली पेटीत गादी देत नाहीत का गं?"

देतात. सॅटिनची होती. तिच्यावर कडबा होता.

आज आत्याचा स्मृतिदिन, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधीच सांगते, मी फारशी देवभोळी नाही. सायन्स शिकवते. चर्चला नाताळात जाते, तेही निम्मं केकसाठी.

अगाथा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. घरी सगळे आगू म्हणायचे. गाव मंद्रूपच्या अलीकडं. एकोणीसशे तीसच्या दशकात आजोबांनी तिला सोलापुरात सिस्टरांच्या शाळेत घातलं. राहायला तिथंच, बोर्डिंगात.

तिच्या वर्गाच्या सिस्टर परदेशी. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे बोलण्यात 'कृपया' फार.

प्रार्थनेच्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट. मुलीनं डोळे मिटले की विचारायच्या, "कोणासाठी?"

'देवा, सगळ्यांचं भलं कर' हे चालायचं नाही. नाव लागायचं.

नाताळच्या आधी शाळेच्या चॅपेलमध्ये एक रिकामी लाकडी गव्हाण मांडायचे. कुणासाठी मनापासून प्रार्थना केली, की वाळक्या गवताची एक काडी त्यात टाकायची. अशा काड्या साठून नाताळपर्यंत बाळ येशूचं अंथरूण तयार.

आयडिया चांगली आहे, हे मीसुद्धा मान्य करते.

पण आगूला धीर नव्हता.

आदल्या थंडीत तिला भाऊ झाला होता, आणि आठवडाभरात गेला. घरात सगळे म्हणायचे, गारठ्यानं गेला. आता आईला पुन्हा दिवस गेले होते. आगू रोज गव्हाणीत डोकावून बघायची. मोजक्या काड्या, आणि खाली उघडी फळी.

आजोबा बाजाराला बैलगाडी घेऊन आले, तेव्हा तिला भेटायला थांबले. तिनं गाडीतली कडब्याची एक पेंढी मागितली.

"अगं, मग बैलं काय खात्याल वाटंत?"

"द्या की आबा. फळी लई गार हाय."

आजोबांना काही कळलं नाही. पण दिली. ज्वारी अजून शेतात उभी होती आणि घरचा जुना कडबा संपत आला होता. हे आत्या दर वेळी आवर्जून सांगायची.

ज्वारीची जाड ताटं टोचतील म्हणून तिनं बसून नुसती पानं सोलली. आणि सगळी गव्हाणीत भरली. काठोकाठ.

संध्याकाळच्या प्रार्थनेला बोंबाबोंब.

वरच्या वर्गातली एक मुलगी गव्हाणीची व्यवस्था बघायची. ती म्हणाली, "सिस्टर, हिनं फसवलंय. एवढ्या प्रार्थना कधी केल्या हिनं? काढून टाकते सगळं."

नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं.

तिनं आत हात घातला, तशी आगू गव्हाणीवर आडवी पडली.

"न्हाय काढायचं! बाळाला गार लागंल!"

सिस्टर जवळ आल्या. "अगाथा, ही पाने कोणासाठी?"

"बाळासाठी."

"आणि प्रार्थना?"

"अजून न्हाय केल्या."

आत्या सांगायची, "मला वाटलं, आता बाळ उघड्या फळीवर आन मी गावाकडं."

सिस्टरांनी त्या मोठ्या मुलीचा हात हळूच बाजूला केला.

"पाने राहतील. प्रार्थना मागाहून येतील. आता सांग, कृपया. पहिली कोणासाठी?"

"आईच्या पोटात हाय त्याच्यासाठी," आगू म्हणाली. "त्यो जगू दे."

मग सगळ्यांनी गुडघे टेकले. त्या मोठ्या मुलीनंही.

ऐन थंडीत आजीला मुलगा झाला. जगला.

ते माझे वडील.

यातून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच थंडीत इतरही बाळं जगली असतील, ज्यांच्यासाठी कुणी पानं सोलली नव्हती.

पण ती पेंढी आत्याला जन्मभर पुरली, एका पानामागं एक प्रार्थना. कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न जुळेना, कुणाची परीक्षा, की ही डोळे मिटून बसलेली.

मी चिडवायची, "आत्या, संपली नाही का गं पेंढी अजून?"

"न्हाय. लई पानं व्हती."

"आणि आत्ता कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. उद्या फिजिक्स हाय न्हवं?"

पास झाले. त्यानंही काही सिद्ध होत नाही.

आत्या गेली ती कडाक्याच्या थंडीत. वय झालं होतं, झोपेत गेली, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. फोन, फुलं, पेटी, सगळं मीच बघत होते. एकदम प्रॅक्टिकल.

गर्दीत अप्पा दिसेनात. अप्पा म्हणजे माझे वडील. काठीशिवाय चालता येत नाही त्यांना. बऱ्याच वेळानं रिक्षातून उतरले. काखेत पेंढी.

पायरीवर बसले आणि पानं सोलायला लागले.

मी म्हटलं, "अप्पा, पेटीत गादी आहे."

त्यांनी मान वर केली नाही.

"असू दे. आगूला गार लागंल."

तोवर मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं.

मी खाली बसले. निम्मी पेंढी माझ्याकडं ओढली.

आगू आत्या, निवांत झोप.

पानं मी आणि अप्पांनी सोललीत. टोचणार नाहीत.