भावाची गुळतुला

शाळेत बॅलन्स काचेच्या पेटीत असायचा. वजनं चिमट्यानं उचलायची, दार लावून घ्यायचं. श्वासानंही पारडं हलतं, असं बाई सांगायच्या. आमच्या बोरी गावात काटा म्हणजे साखळ्यांना लोंबणारी दोन मोठी पारडी. त्यांत कापूस तोलायचे. त्या श्रावणात माझ्या सहा वर्षांच्या भावाला त्यात बसवलं.

आदल्या वर्षी तापानं तो खंगला, तेव्हा आईनं मारुतीला नवस बोलला होता: पोरगं भरलं की त्याच्या भारोभार गूळ वाटीन. राखीच्या सुटीत मी परभणीहून घरी आले, तर तो खरंच भरला होता. गाल वर आलेले, डोळे बारीक झालेले.

शनिवारी काटा मारुतीच्या पारापुढच्या लिंबाला टांगला. दुसऱ्या पारड्यात गुळाची ढेप ठेवली, तरी भावाचं पारडं खालीच.

"मास्तर, अजून आणा!" मापाडी माझ्या वडिलांना म्हणाला. "वहिनी चोरून खवा चारायल्यात वाटतं."

सगळे हसले. आईही पदराआड हसली.

भाऊ कलंडू नये म्हणून मी त्याला धरून उभी होते. सकाळी बांधलेली राखी त्याच्या मनगटात रुतली होती. नडगीवरून हात काढला, तर माझ्या बोटांचे खळगे तसेच राहिले. वसतिगृहात एका मुलीचे पाय असे झाले होते. तिची मूत्रपिंडं बिघडली होती.

मी आईच्या कानाशी म्हणाले, "हे अंग नाही, सूज आहे."

"गप. देवाच्या दारात असं बोलू न्हाई. तुझी इंग्रजी शाळा तिकडंच ठेव."

मी तिचा अंगठा धरला आणि त्याच्या नडगीवर दाबला. खळगा पडला. ती बघत राहिली. मग तिनं पदर त्याच्या पायांवर ओढला.

"तोला," ती मापाड्याला म्हणाली. "अर्धी तुला सोडता येत न्हाई."

काटा सरळ झाला. मारुतीचा जयजयकार झाला. तिनं गूळ फोडून वाटला, कुणाच्याही तोंडाकडे न बघता.

विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं होतं, मी आल्यावर एसटी बंद झाली होती. गाड्या सुरू झाल्यावरच आम्हाला परभणीचा दवाखाना गाठता आला. औषधानं भरपूर लघवी व्हायला लागली. डॉक्टर रोज त्याला काट्यावर उभं करायचे आणि वजन घटलं की समाधानानं मान हलवायचे. आई भिंतीला टेकून तो काटा खाली येताना बघायची. एकदा तिनं हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, आता बस करा. किती उतरवताल लेकराला?"

"बाई, हे पाणी होतं. आता उरलाय तेवढाच तुमचा मुलगा."

घरी सोडलं तेव्हा वडील औषधं घ्यायला थांबले. आईनं त्याला कडेवर घेतलं आणि स्टँडपर्यंत चालत आली. वाटेत तिला एकदाही कड बदलावी लागली नाही.