भाऊंची पहिली घागर

लग्न झालं तेव्हा मला दोन मुली आयत्या मिळाल्या, असं आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यातल्या बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या. माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, त्यामुळे लोकांचं बोलणं ऐकून घेणं हा धंद्याचाच भाग. पण आयतं काहीच नव्हतं. मुली माझ्या नवऱ्याच्या, त्यांची आई धुळ्याला, आणि कोर्टानं सांगितलेलं, एक शनिवार सोडून एक शनिवारी मुली इकडे येतील आणि रविवारी परत जातील. कोण आणेल आणि कोण नेईल हे कोर्टानं सांगितलं नव्हतं. ते माझ्या गळ्यात पडलं.

नवरा भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात. त्याच्या ड्युट्या फिरत्या, हे एक कारण झालं. दुसरं खरं कारण असं, की त्याला आणि मुलींच्या आईला एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. म्हणून अर्ध्या वाटेवर, पारोळ्याला, मुलींची देवघेव व्हायची. जळगावहून मी एसटीनं जायचे. धुळ्याहून मुलींच्या आईचा दुसरा नवरा यायचा, मोटारसायकलवर. धाकटी पुढे टाकीवर, मोठी मागे, दप्तरं हँडलला. मी पहिल्याच दिवशी त्याच्यावर ओरडले होते, की हायवेवरून दोन पोरी अशा आणतात का? त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला धाकटीसाठी हेल्मेट आणलं. ते इतकं मोठं होतं की तिला त्यातून काही दिसायचं नाही.

मुली त्याला भाऊ म्हणायच्या. मीही तेच म्हणायला लागले. तो मला अक्का म्हणायचा. धुळ्यात त्याचं बॅटऱ्यांचं लहानसं दुकान होतं. बोलणं कमी, पण मधेच एखादी पुडी सोडायचा. आमच्याकडे सासरी असलेल्या लेकीला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. एकदा तो म्हणाला, "अक्का, आपण दोघं मुराळीच. फक्त या पोरींचं सासर कोणतं आन् माहेर कोणतं, तेवढं कोर्टानं लिहिलं नाही." मी हसले, मोठी मुलगी हसली नाही. ती तेव्हा पाचवीत होती.

पारोळ्याच्या स्टँडजवळ एक रसवंती आहे. तिथल्या लाकडी बाकावर आम्ही चौघं बसायचो. माझी परतीची बस येईपर्यंत तो जायचा नाही. म्हणायचा, बायामाणसाला पोरी घेऊन स्टँडवर एकटं कसं सोडू? मला त्याचा राग यायचा, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण त्या वेळात एक गोष्ट घडायची, ती दुसरीकडे कुठेच घडत नव्हती. मुली दोन्ही घरांबद्दल बोलायच्या. जळगावात आईचं नाव काढलं की नवऱ्याचा चेहरा पडायचा. 'भाऊ' हा शब्द तर आमच्या घरात चालायचाच नाही, कारण खानदेशात कित्येक घरांत बापालाच भाऊ म्हणतात. धुळ्याला पप्पांचं नाव निघालं तर तिकडे आई उठून आत जायची. दोघी पोरी दोन्हीकडे तोंड शिवून राहायच्या आणि त्या बाकावर बसल्या की त्यांची तोंडं थांबायची नाहीत. पप्पांनी कूलर दुरुस्त केला, भाऊंनी मांजर आणलं, मावशीनं मला फ्रॉक शिवला. मावशी म्हणजे मी.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी माझी बस वाटेत एरंडोलजवळ बंद पडली. मी पोचले तेव्हा दिवस बुडत आला होता. भाऊ पोरींना घेऊन बाकावर बसलेला. मी म्हटलं, निघायचं ना, मुलींना रसवंतीवाल्याकडे बसवून. तो नुसता हसला. उजेड आहे तोवर घर गाठ म्हणून त्या दिवशी मीच त्याला बस यायच्या आधी उठवलं. निघता निघता मोठीनं अजून एक ग्लास रस मागितला. तो थांबला, तिचा रस पिऊन होईपर्यंत उभा राहिला, मग किक मारून गेला. धुळ्याच्या वाटेवर, फागणे गावाच्या अलीकडे कडब्यानं भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागे दिवा नव्हता.

आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. फोन मोठीच्या मोबाईलवर आला, आईचाच. पोरगी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, भाऊ गेले." कुठे गेले, असं मी विचारलं. अजून ते आठवलं की मला स्वतःची चीड येते.

नवऱ्यानं मुलींना त्या दिवशी धुळ्याला पाठवलं नाही. गर्दी असेल, रडारड असेल, पोरींनी ते कशाला बघायचं, असं म्हणाला. मी भांडले. तो वाईट माणूस नाही. पण ज्या माणसानं आपल्या पहिल्या बायकोशी लग्न केलं, त्याच्यासाठी आपल्या मुलींनी रडावं, हे त्याला सहन होत नव्हतं आणि ते बोलूनही दाखवता येत नव्हतं. मुली त्याच्यासमोर रडल्या नाहीत. धाकटी मोरीत जाऊन रडायची. मोठी तर रडलीच नाही. फक्त तिनं जेवण कमी केलं.

पुढे मुलींना पारोळ्यापर्यंत धुळ्याचं कोणी ना कोणी आणून सोडायचं. अशाच एका खेपेला, दुपारी, ती दुकानात माझ्याजवळ येऊन बसली. मी एका साडीला फॉल लावत होते. ती खाली बघत म्हणाली, "मी दुसरा ग्लास मागितला नसता तर उजेड होता." मी मशीन थांबवलं. काय काय बोलले मी तेव्हा, की ट्रॉलीवाल्याची चूक, माझ्या बसची चूक, नशिबाची चूक. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मोठ्या माणसाच्या समाधानासाठी लहान मुलं ऐकतात तसं. मग विचारलं, "आखाजीला त्यांची घागर भरतील ना? मला आगारी टाकायचीय. तेव्हा त्यांना सांगते."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलेलं. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची पहिली घागर आमच्याकडे आखाजीला भरतात. मातीची नवी घागर, पाणी, वर खरबूज, आंबा, सांजोरी. गोवरीच्या निखाऱ्यावर गेलेल्याचं नाव घेऊन घास टाकायचा, तीच आगारी. घास टाकताना मनात त्या माणसाशी बोलायचं असतं. माझी आई बोलायची, मी लहानपणी तिचे ओठ हलताना बघितलेत.

अडचण एवढीच, की सणांची वाटणी झाली होती. दिवाळी धुळ्याला, आखाजी जळगावला. ही वाटणी नवऱ्यानंच मागून घेतलेली. आखाजीला लेकी बापाच्या घरीच असतात, हे त्याचं म्हणणं, आणि त्यावर कोणी वाद घालू शकत नव्हतं. आता तेच आडवं आलं. मुलींच्या आईनं फोन करून सांगितलं, एवढ्या वर्षी पाठवा. नवरा म्हणाला, ठरलंय ते ठरलंय.

सणाला त्याला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून मी अंधारात उठून पुरण घातलं आणि त्यानं ड्युटीला निघायच्या आधी आपल्या वडिलांची घागर भरली. निखाऱ्यावर घास टाकला, पाणी फिरवलं. मोठी मागे उभी होती. म्हणाली, "पप्पा, मी एक टाकू? भाऊंच्या नावानं?"

तो वळलासुद्धा नाही. "त्याची या घरात नाही," म्हणाला. आवाज चढवला नाही. डबा घेतला आणि भुसावळच्या गाडीला निघून गेला.

मला काय झालं ते सांगते. माझं डोकं फिरलं. मी दुकानाचं कुलूप तपासलं, मुलींना चांगले कपडे घातले, पिशवीत एक खरबूज आणि चार सांजोऱ्या टाकल्या, कारण पहिल्या घागरीला रिकाम्या हातानं जात नाहीत. धुळ्याच्या बसमध्ये बसलो. पारोळं आलं. कंडक्टर ओळखीचा, तो म्हणाला, "ताई, उतरायचं ना?" मी म्हटलं, आज पुढचं तिकीट द्या. पारोळ्याच्या पुढे मी कधी गेलेच नव्हते. फागणं गेलं तेव्हा मोठीनं खिडकीकडे पाठ केली. धाकटी मात्र काचेला नाक लावून ट्रॉली शोधत होती.

घर मोठीनंच दाखवलं. ओट्यावर चपलांचा ढीग होता. आत भाऊची आई, भाऊबंद, शेजारपाजार. मधोमध घागर, तिच्या गळ्यात सूत. भाऊचा धाकटा भाऊ निखारे फुलवत होता. आम्हाला बघून त्याचे हात थांबले.

"पोरीस्ले आठे कसाले लई उन्यात, ताई?" तो म्हणाला. पोरींना इथं कशाला घेऊन आलात, हे भांडायच्या सुरात नाही, अवघडून.

मी सांगितलं, मोठीला आगारी टाकायची आहे. तेवढी टाकू द्या, आम्ही जेवायलाही थांबत नाही.

म्हातारीनं डोकं वर केलं. तिनं आधी मुलींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मना आंडोर यास्ले पोचाडाले गया, आनि परत उना नही," ती म्हणाली. माझा मुलगा यांना पोचवायला गेला आणि परत आला नाही. "आते त्यानी घागर बी यास्नी भरवी का?" आता त्याची घागरही यांनीच भरायची का?

तिचा मुलगा गेला होता. मी तिच्याशी भांडायला गेले नव्हते आणि भांडता आलंही नसतं. पण मोठीच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत होईना. जे ती दुकानात माझ्यापाशी खाली बघत बोलली होती, तेच त्या म्हातारीनं भरल्या घरात मोठ्यानं सांगितलं होतं.

मुलींची आई आतून आली. आम्ही दोघी एकमेकींना पहिल्यांदा समोरासमोर बघत होतो. मी मनात तिच्याशी कितीदा भांडले होते, आणि समोर एक वाळलेली बाई उभी, कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. तिनं धाकटीला उचललं, मोठीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्हाला ओट्यापर्यंत घेऊन आली. "मीच बोलावलं, माझंच चुकलं," ती म्हणाली. "त्यांना घेऊन जा. मलाच इथं किती दिवस ठेवतील, माहीत नाही." मग धाकटीला माझ्या कडेवर दिलं. तिनं माझा हात क्षणभर धरला, आणि आत गेली. खरबूज माझ्या पिशवीतच राहिलं.

परतताना पारोळ्याला मोठी उठून उभी राहिली. खाली उतरली, म्हणून आम्हीही उतरलो. रसवंतीवाला चरक पुसत होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि मग त्याला आठवलं असावं. मोठीनं माझ्या पिशवीतून खरबूज काढलं आणि बाकाच्या टोकाला, भाऊ बसायचा तिथं, ठेवलं. त्याच्याजवळ एक सांजोरी. निखारा नव्हता, काहीच नव्हतं. तिचे ओठ हलले नाहीत. मी नीट बघत होते. पुढची बस येईपर्यंत ती नुसती उभी राहिली.

बसमध्ये धाकटीनं मला विचारलं, "मावशी, तू मेल्यावर तुझ्या घागरीला आम्हाला येऊ देतील का?"

"मला मारायची एवढी घाई झाली का गं?" मी म्हटलं. ती हसली नाही. मीही तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. ओढणीचा बोळा तोंडात धरावा लागला मला.

घरी पोचलो तेव्हा नवरा आलेला होता. घागरीजवळच भिंतीला टेकून बसला होता. घागर पाझरून खालची फरशी ओली झाली होती. कुठे गेला होतात, असं त्यानं मला विचारलं. उत्तर मोठीनं दिलं.

"भाऊंच्या घागरीला. त्यांनी बसू दिलं नाही."

आमच्या घरात तो शब्द इतक्या स्पष्टपणे कोणी उच्चारला नव्हता. त्याचा चेहरा आवळला. मग धाकटीनं बसमधला प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. मावशीची घागर आपण भरायची ना, पप्पा?

"सणाच्या दिवशी असलं बोलू नये," तो म्हणाला. मग मोठीकडे न बघता, "मावशीची भराल. ती घरातली आहे. त्याची इथं नाही भरायची, सकाळी सांगितलं ना."

मोठी त्याच्यासमोर खाली बसली. माझ्या नवऱ्याला मुलगा नाही. मला मूल झालेलं नाही. आजोबांच्या घागरीवरचं सुकलेलं आंब्याचं देठ तिनं सरळ केलं.

"ज्यांनी आम्हाला तुमच्यापर्यंत पोचवलं त्यांची भरायची नाही," ती म्हणाली, "मग तुमची कोण भरेल, पप्पा?"

ती रागानं बोलली नव्हती. ती खरंच विचारत होती. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मी चुलीपाशी उभी राहिले, कारण या प्रश्नात मला मधे पडता येत नव्हतं.