चालणारी मढी

माझी आई आयसीयूत होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर शेजारी लासूर स्टेशनचा एक म्हातारा बसायचा. आवाज बंद करून मोबाइलवर झोंबींचे जुने काळेपांढरे पिक्चर बघायचा. एकदा मी वैतागलोच. "काका, इथं बसून मढी काय बघता?"

"ही जुनी मढी कुणाला चावत नायत. डोळे उघडे ठिवून नुसती चालत्यात."

त्याची बायको आत तशीच उघड्या डोळ्यांनी निपचित पडलेली होती. नावानं हाक मारा, असं डॉक्टर म्हणाले होते. जन्मभर "अगं, ऐकलं का" म्हणणाऱ्यानं त्या दिवशी आत जाऊन पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. मला बाहेर ऐकू आलं.

परत येऊन त्यानं पिक्चर पुन्हा लावला.

"बघितलं का काकूंनी तुमच्याकडं?" मी विचारलं.

त्यानं मोबाइलकडं बोट केलं. "ही बरी. चालत्यात तरी."