कर्णेकाकांच्या दोन पेट्या

शलाका, ये, अशी जवळ ये आणि कान इकडे कर. कोथरूडच्या त्या जुन्या स्पीकरांच्या दालनात जाऊन आलीस, तिथल्या दोन मोठ्या पेट्यांसमोर उभी राहून फोटो काढलास, आणि वर मला लिहितेस, "आत्या, काय आवाज आहे गं, अंगावर काटा आला." काटा आला म्हणे. लहानपणी तुझ्या कानांत मी एवढं तेल घातलं ते कशासाठी? रागावत नाही, तुला ठाऊक नव्हतं. त्या पेट्या आमच्या कर्णेकाकांच्या हातच्या आहेत, आणि त्यातली एक तर थोडी माझीही आहे. आता नीट वाच.

कर्णेकाकांचं पहिलं लक्षण म्हणजे ते कुणालाही माफ करत नसत. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. सामान काय, तर दोन ट्रंका आणि सतरा स्पीकर. तरुणपणी लग्नाकार्यात कर्णे लावायचे म्हणून हे नाव चिकटलेलं. गिऱ्हाईक जुना स्पीकर घेऊन आलं की तो कुठला, किती जुना, हे विचारायचेच नाहीत. विचारायचे, "कुणी बिघडवला?" गिऱ्हाईक म्हणणार, आपोआप बिघडला. त्यावर काका चष्म्यावरून बघत म्हणत, "आपोआप माणूस मरतो. स्पीकर मारावा लागतो."

त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा गंमत म्हणून एका स्पीकरच्या मधल्या टोपीवर अंगठा दाबून पाहिला. टोपी चेपली. काका त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नाहीत. मेव्हणा गेल्यावर दहाव्याला मात्र गेले, आणि परत येऊन मला म्हणाले, "वहिनी, कावळा पटकन शिवला. म्हणजे त्याला कसली टोचणी नव्हती बघा. मला आहे."

माझे यजमान कारखान्यात त्यांच्याच खात्यात, म्हणून मी वहिनी. स्पीकरच्या आत कागदाचा एक शंकू असतो, त्याला या धंद्यात कोन म्हणतात. तो फाटला की लोक फेकून नवा बसवतात. काका जुनाच कागद जोडायचे. हातकागदाचे पापुद्रे काढून, मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे झुरळं खात नाहीत. पेटी हादरू नये म्हणून आतून सागवानी पट्टी आडवी ठोकायची, जुन्या गादीचा पिंजलेला कापूस भरायचा. खळ ढवळायला मला हाक मारत, कारण काय, तर "तुमच्या पिठल्यात गुठळी नसते." मी सातवी शिकलेली, ब्लाउज शिवणारी बाई. खळीवरून कोनाच्या कापडी कडांवर गेले, आणि कडांवरून कॉईल गुंडाळण्यावर. केसासारखी तांब्याची तार कागदी नळीवर एकीला एक चिकटून गुंडाळायची. एक वेढा चढला की सगळं पहिल्यापासून. कुणी शिकवलं नाही, बघून बघून बोटांना समजलं.

त्या दोन पेट्या कुठल्याशा गॅरेजमध्ये ओल लागून कुजल्या होत्या. घेऊन आला तो हाच दालनवाला. आपले कान सोन्याचे आहेत असं स्वतःच सांगत फिरतो, म्हणून मी त्याला सोनकान्या म्हणते. काकांनी त्याला एकच अट घातली, प्रत्येक पेटीच्या आत काकांच्या सहीची चिठ्ठी चिकटवलेली राहील. त्याने हसत हसत मान्य केली. आठ महिने आम्ही राबलो. उजव्या पेटीची कॉईल मी गुंडाळली. पण मी पडले डावरी. माझे वेढे उलट्या दिशेने गेले. काकांनी तारांना बॅटरी टेकवून बघितली तर कोन पुढे यायचा तो मागे गेला. मी म्हटलं, झालं, आता अकरा वर्षं अबोला.

काका बराच वेळ कॉईल बोटांत फिरवत बसले. म्हणाले, "इतकी सारखी तार माझ्या हातून बसत नाही. ही उकलायची नाही. आपण जोडच उलटी करू." आणि त्या पेटीतल्या चिठ्ठीवर त्यांनी आपल्या सहीच्या वर लिहिलं, 'ही कॉईल वहिनींच्या डाव्या हातची. लाल वायर काळ्या खुणेला जोडावी.' रेशनकार्ड सोडलं तर माझा उल्लेख कुठे लेखी झाला तो तेव्हाच.

दोन महिन्यांनी सोनकान्याने रविवारी सकाळी पन्नासेक रसिक बोलावले. आम्हालाही निमंत्रण होतं, शेवटच्या ओळीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं. उभा राहून सांगतो काय, तर हे सगळं काम परदेशातल्या कारागिरांकडून करून आणलं, आपल्याकडचे मेकॅनिक असल्या वस्तूंची माती करतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तर काकांनी माझं मनगट धरलं. गाणं सुरू झालं होतं आणि काका मान वाकडी करून ऐकत होते. मग पुटपुटले, "चिठ्ठी खरवडली वाटतं यानं."

तसंच झालं होतं. सह्या नाहीशा करायला त्याने पेट्या उघडल्या, चिठ्ठ्या खरवडून काढल्या, आतल्या वायरी बदलून चकचकीत नव्या घातल्या, आणि लालला लाल जोडून मोकळा झाला. आता एका पेटीचा कोन पुढे आला की दुसरीचा मागे जात होता. दोघी एकमेकींचा आवाज खात होत्या. पुढच्या ओळीत गाणं शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, ही गाणारी बसलीय कुठे? मला ती घटकेत खिडकीशी वाटते, घटकेत पाठीमागे. आणि डग्गा आज आला नाही का?"

लोक हसले. सोनकान्याने पडदे ओढले, खुर्च्या हलवल्या, गालिचा गुंडाळला, भिंतीला दोष दिला. घामाघूम झाला. शेवटी मागे आमच्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, जरा बघता का?"

काका खणखणीत आवाजात म्हणाले, "मी कसा बघणार? परदेशातलं काम आहे. मी माती करीन."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तेवढ्यातही त्याने खरं बोलायला हवं होतं. तो म्हणाला, यांनी थोडी किरकोळ मदत केली होती. काका उठले, मला म्हणाले चला, आणि आम्ही बसने घरी आलो. वाटेत मी म्हटलं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कुणीतरी सांगेलच त्याला. काका म्हणाले, "सांगू दे. तो पेटी उघडू देणार नाही. खरवडलेलं दिसेल ना."

आणि खरंच, त्याने उघडू दिली नाही. बाहेरून वायर उलटी लावून बघा असं कुणी सुचवलं, तर म्हणे लालच्या जागी लालच आहे, चूक असेलच कशी. आमच्याकडे मात्र तो तीन वेळा आला. काका त्याला स्टुलावर बसवायचे, चहा द्यायचे आणि समोर दुसऱ्याचा स्पीकर दुरुस्त करत राहायचे. कपबशी उचलताना तेवढं म्हणायचे, "चारचौघांत पुसलंस, चारचौघांत लिही." तो मान खाली घालून जायचा. मला त्या चहात साखर घालणंही जिवावर यायचं.

गेल्या वर्षी काका गेले. शेवटच्या आठवड्यात बोलणं तुटक झालं होतं, पण मला बजावून गेले, "वहिनी, दया करू नका हं." माणसं जाताना देवाचं नाव घेतात. यांनी हे सांगितलं. मी हो म्हटलं आणि ते पाळलंय. भेटायला म्हणून सोनकान्या आला, हात जोडून म्हणाला, तुमच्यापुरतं कबूल करतो, सगळं काम काकांचं. मी म्हटलं, माझ्यापुरतं मला ठाऊक आहेच. लोक म्हणतात, आता काका नाहीत, सोडून द्या. का सोडू? ते असताना त्यांची बाजू घ्यायला ते स्वतः होते. आता मीच आहे.

तर ऐक. परवा त्याचा फोन आला. त्या पेट्या ऐकायला कुणी मोठा जाणकार येणार आहे आणि याची झोप उडालीय. येत्या रविवारी सकाळी तो पेट्या टेम्पोत घालून माझ्या घरी आणतोय. माणसांसमोर बोलणार आणि स्वतःच्या हाताने आत चिठ्ठी लिहिणार. गाण्याच्या बाई येतो म्हणाल्यात, त्यांचा मुलगा त्यांना घेऊन येईल, खालच्या मजल्यावरचे जोशी आहेत. चौथी तू. लिहून झालं की मी त्याला पोहे देईन, आणि तो खात असताना सांगेन की उजव्या पेटीची वायर उलटी जोडायची, सगळं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. त्याचं तोंड मला एकटीला बघायचं नाहीये. तेव्हा सबबी सांगू नकोस, शनिवारीच मुक्कामाला ये.