शेवट राहिलेली गोष्ट

चार बुकं शिकले आणि शहाणपण माझ्या अंगात मावेना. त्यापायी एका मरणाऱ्या बाईचं वाटोळं केलं. महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात प्लेग आला होता. गावाबाहेरच्या झोपड्यांत मिशनातल्या एक मावशी आजाऱ्यांना स्वतः रचलेल्या येशूच्या गोष्टी वाचून दाखवायच्या. पुड्यांच्या कागदावर लिहायच्या, प्रत्येक वाक्य दोनदा वाचायच्या. "मला प्रार्थना जमत न्हाय, गोष्ट जमती," म्हणायच्या. मी त्यांच्या मदतीला असायचे.

एकदा हरवलेल्या पोरीची गोष्ट चालली असताना एका आजारी आईनं विचारलं, "मग हरवलेली पोर घावली का, मावशी?"

मी मध्येच म्हणाले, "अहो, सगळं रचलेलं हाय!"

तिनं कुडाकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी गेली.

मावशींनी कागदांची घडी घातली. म्हणाल्या, "रचलेलं हाय हे तिला म्या पैल्याच दिशी सांगितलंतं. तरी वाच म्हणाली हुती. शेवट तेवढा ऱ्हायला की गं, पोरी."