रक्ताची चढण

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मांजरसुंब्याच्या चौकात आमचं हॉटेल. मोर्चा कुणाचाही असो, पत्रकांचा गठ्ठा आमच्या गल्ल्यावर ठेवला जायचा आणि उरलेला मी घरी न्यायचे. त्यामुळे अण्णांच्या पायाला जखम झाली तेव्हाही मला शेवटी पत्रकच सुचलं.

अण्णा, माझे वडील, सकाळपासून बासुंदीच्या कढईपाशी उभे असतात. दूध बुडाला लागू नये म्हणून उलथणं फिरवत राहायचं, जागा सोडायची नाही. त्यांच्या डाव्या पिंडरीवर शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. पुढे घोट्याच्या वरची कातडी काळी पडली, खाजली, फुटली. मलम झालं, हळद झाली, जखम मिटेना. बीडच्या डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला, पाय उंच ठेवून बसायला सांगितलं आणि असेच उभे राहिलात तर जखम वाढतच जाईल, असं बजावलं.

अण्णांनी पट्टा बांधला. बसले मात्र नाहीत.

त्यांना पटावं म्हणून मी त्यांच्याच हातावर करून दाखवलं. मनगटाजवळची एक फुगीर शीर बोटानं दाबून धरली आणि दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे सारत नेलं. शीर सपाट झाली. वरचं बोट उचललं तरी सपाटच राहिली. वर गेलेलं रक्त खाली आलं नाही. खालचं बोट सोडताच टच्च भरली. अण्णांनी माझा हात बाजूला सारून स्वतः करून पाहिलं. मग मामूंना बोलावलं. मामू आमचा तंदूर सांभाळतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यांचीही शीर दाबून झाली.

मी सांगत होते, की हृदय रक्ताला पायाच्या बोटांपर्यंत जोरात ढकलतं, पण परतीच्या वाटेवर तो जोर फारसा उरत नाही आणि वाट सगळी चढणीची. तिथं पिंडऱ्या कामाला येतात. चालताना पिंडरी आवळते, शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं. ते मागं घसरू नये म्हणून शिरेत जागोजागी पातळ झडपा असतात, वरच्याच दिशेनं उघडणाऱ्या.

"म्हंजी घाटात गाडी थांबली की क्लिनर चाकामागं दगड लावतो, तसं," अण्णा म्हणाले.

अगदी तसं. पण गाडी दिवसभर चढणीवर उभीच ठेवली, तर सगळा भार दगडावर. झडपा सैल पडतात, रक्त घोट्याशी तुंबतं आणि तिथल्या कातडीला पोषण मिळेनासं होऊन ती फुटते.

अण्णांना सगळं कळलं. तरी ते उभेच.

मग मी पत्रक छापून आणलं: 'उभ्यानं राबणाऱ्यांनो, बसायचा हक्क मागा!' चौकातल्या दुकानादुकानांत वाटलं. कापडाच्या दुकानात पोरींना दिवसभर उभं ठेवणं हा अन्यायच आहे. त्यातली एकही ओळ मी आज मागं घेणार नाही. एक पत्रक आमच्याही भिंतीवर डकवलं, एक स्टूल कढईशेजारी ठेवलं, एक तंदूरपाशी. संध्याकाळपर्यंत दोन्ही स्टुलांवर भांडी आली होती.

मामूंना पत्रक आवडलं होतं. "पर बेटी, शेट उभा हाय तवर आमी कसं बसावं?"

मी तणतणत अण्णांकडे गेले. ते बराच वेळ उलथणं फिरवत राहिले. मग तंदूरकडे न बघता हळूच म्हणाले, "त्यो आगीपुढं उभा ऱ्हातो. म्या बसायचं व्हय? लाज वाटती."

माझ्या पत्रकात मालक होता, मजूर होता. एकमेकांचा मान राखण्यापायी पाय नासवणाऱ्या या दोघांसाठी त्यात ओळच नव्हती. मला राग आला. दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात मी एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगून टाकलं.

मग मामू रोटी थापता थापता म्हणाले, "शेट, पैले तुमी बसा. पाय तुमचा फुटलाय, माझा न्हाई अजून."

अण्णांनी स्टुलावरचं पातेलं खाली ठेवलं, बसले, पट्ट्याचा पाय दुधाच्या क्रेटवर टाकला. ते नीट टेकले हे बघूनच मामूंनी आपलं स्टूल ओढलं.

पुढं एकदा बासुंदी बुडाला लागली. गिऱ्हाइकांनी ती खरपूस म्हणून मागून घेतली. जखम आता मिटलीय, काळा डाग तेवढा उरलाय. उभं राहायची वेळ आलीच तर टाचा वरखाली करत राहा, असं मी दोघांना सांगून ठेवलंय. मामू विसरतात. मग कढईवरची नजर न काढता अण्णा म्हणतात, "टाचा उचल बे."