पाय दाखव

सुनेनं सासऱ्यांच्या पाया पडावं अशी रीत आहे. आमच्या धायरीच्या घरात मात्र मला दिवस गेल्यापासून रोज सकाळी सासरे सुनेचे पाय बघत. मी ऑफिसच्या घाईत डबा भरत असायची आणि बाहेरच्या खोलीतून हुकूम यायचा, "पाय दाखव." मग मी सलवार घोट्याच्या वर घेऊन उभी राहायची. आप्पा स्वतः कधी हात लावत नसत. "अंगठ्यानं दाब. सोड," एवढंच म्हणायचे आणि दाबलेल्या जागी खळगा राहतो का, ते चष्मा सावरत बघायचे. कातडी लगेच वर आली की "जा." नाही आली, तर काही बोलायचे नाहीत, पण दिवसभर त्यांचे फोन यायचे, आणि मीटिंगमधल्या सगळ्यांना कळायचं की माझे पाय सुजलेत.

आप्पांचं आयुष्य खडकवासल्याच्या लष्करी अकादमीत पोरांना कवायत शिकवण्यात गेलं होतं. निवृत्त झाले तरी बोलणं तसंच राहिलं, तुटक आणि वरच्या पट्टीतलं. माझा नवरा नितीन लहान असतानाच सासूबाई गेल्या. आजारी पडून गेल्या, एवढंच नितीनला माहीत होतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, आप्पा त्याला रोज हार घालत. पण त्यांच्याविषयी घरात कुणी बोलत नसे. मीही कधी विचारलं नाही.

संध्याकाळी ते मला कालव्याच्या कडेनं चालायला न्यायचे. बरोबर नाही, स्वतः दोन पावलं मागे. "बोलत चाल," म्हणायचे. "बोलताना दम लागला तर वेग कमी कर." पण बोलायचं कुणाशी? ते स्वतः एक अक्षर बोलायचे नाहीत. मग मी शाळेतल्या कविता म्हणत चालायची आणि कुत्री फिरवायला आलेले लोक माझ्याकडे वळून बघायचे. लोहाची गोळी घेतल्यावर तासभर चहा मिळायचा नाही. त्या वेळात चहाची पातेलीसुद्धा गॅसवर दिसता कामा नये, असा दंडक होता.

सातव्या महिन्यात त्यांनी माझ्या जेवणातलं मीठच बंद करून टाकलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मिठानं सूज येते. मी आठवडाभर अळणी वरण गिळलं आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंपुढे गाऱ्हाणं घातलं. आप्पा शेजारच्याच खुर्चीत बसले होते. एकही तपासणी त्यांनी चुकवली नव्हती. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मीठ बंद करायला मी सांगितलं होतं का? नाही ना? मग उद्यापासून तिला माणसासारखं जेवू द्या." मग आवाज जरा खाली आणून त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. पाय थोडेफार सुजणं बहुतेक जणींना होतंच. पण डोकं दुखायचं थांबत नसेल, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा एकदम सुजला, छातीखाली पोटात दुखलं, तर घरी बसून वाट बघायची नाही. रक्तदाब वाढलेला असू शकतो. आणि हे बाळंतपण झाल्यावरही होऊ शकतं. आप्पांनी शेवटचं वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

त्याच दिवशी येताना त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. आता सकाळी पाय आणि संध्याकाळी दंड. आकडा नीटच यायचा, तरी पट्टा सुटेपर्यंत आप्पा यंत्रावरून नजर हलवायचे नाहीत. हळूहळू ती धास्ती माझ्यातही उतरली. बाळ जरा वेळ हललं नाही की मी घाबरीघुबरी व्हायची. एकदा नितीन त्यांच्यावर भडकला. म्हणाला, हिला तुम्ही जगू द्याल की नाही? मीही धीर करून म्हणाले, "आप्पा, तुम्ही रोज असं बघता, त्याची मला भीती वाटते."

"वाटू दे," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आणि बाळंतपण अगदी सुरळीत झालं. मुलगी झाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, नितीन तर आप्पांना चिडवायला लागला. मी नारायण पेठेत माहेरी आले. आईनं शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर असं सगळं सुरू केलं. येणारा-जाणारा आधी पाळण्यात वाकायचा. आप्पा मात्र मंडईतून भाजी घेऊन यायचे, पिशवी आईच्या हातात द्यायचे आणि थेट माझ्यासमोर उभे राहायचे. नातीला त्यांनी अजून हातात घेतलं नव्हतं. आईला ते खटकायचं. "बाळंतीण मोकळी झाली हो आता," ती एकदा म्हणाली. "नातीकडेही बघा जरा." आप्पांनी मान डोलावली आणि यंत्राचा पट्टा माझ्या दंडाला बांधला.

बाळ आठवड्याचं होत आलं तेव्हा एका दुपारी माझं डोकं दुखायला लागलं. सकाळपासून जड होतंच. आई म्हणाली, जागरणं होतायत, थोडी पड. तिनं कपाळाला सुंठ उगाळून लावली. मलाही तेच पटलं. मग बाळाला पाजताना समोरच्या भिंतीवर चांदण्या लुकलुकल्यासारखं झालं. मी डोळे चोळले आणि कुणाला काही बोलले नाही. झोप नाही, दुसरं काय, असंच वाटलं.

आप्पा आले तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पिशवी दारातच ठेवली. पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे होता. त्यांनी पुन्हा मोजलं. तसाच.

"दवाखान्यात जायचं," ते म्हणाले.

आई पुढे झाली. तिचं म्हणणं होतं की यंत्राचं काय खरं, तासभर झोपू दे, उतरेल. एवढ्या उन्हात ओल्या बाळंतिणीला बाहेर काढणार का? रागावूनच बोलत होती ती. पण तीही घाबरली होती. मला वाटलं, आता आप्पा कवायतीच्या मैदानावर ओरडायचे तसे ओरडणार. आप्पांनी तिच्यापुढे हात जोडले.

"विहीणबाई, नितीन झाल्यावर तिचंही डोकं दुखत होतं. झोप म्हणालो होतो मी. आता थांबायला नको."

आईनं कोपऱ्यातली चप्पल उचलली आणि माझ्या पायात घातली.

रिक्षात आई बाळाला घेऊन बसली होती. आप्पा ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लोंबकळत होते. लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा उतरून पुढे धावत त्यांनी लोकांना बाजूला केलं. दवाखान्यात पोचेपर्यंत मला छातीखाली कळा यायला लागल्या होत्या. नर्सनं आकडा बघितला आणि मला थेट आत घेतलं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन सुरू झालं. अंगातून आगीचा लोळ फिरावा तशी उष्णता फिरली. डॉक्टरबाई सारखं काहीतरी विचारत होत्या, मला उत्तरं द्यायची होती आणि जीभ वळत नव्हती. काचेपलीकडे आप्पा कवायतीतल्या 'सावधान'मध्ये उभे होते. बाजूला खुर्ची रिकामी असूनही बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रक्तदाब उतरायला लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. मग बाहेर जाऊन त्यांनी आप्पांना हेच सांगितलं. नितीन नंतर मला म्हणाला, ते ऐकल्यावर आप्पा त्या खुर्चीत बसले आणि बाळासाठी हात पुढे केले. आईनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. बराच वेळ त्यांना ते नीट धरताच येईना.

बारशाला सगळ्यांना वाटत होतं की मुलीला सासूबाईंचं नाव ठेवावं. माझीही तीच इच्छा होती. आप्पा नको म्हणाले. "सुमन हे नाव तिचं. हिला हिचं स्वतःचं द्या." इतक्या वर्षांत सासूबाईंचं नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या थोडे दिवस आधीची एक संध्याकाळ मला आठवते. मुलगी अंगणात खेळत होती, आम्ही दोघं पायरीवर शेंगा सोलत बसलो होतो. आप्पांनी मान वर न करता विचारलं, "पोटात मूल हलतं, तेव्हा कसं वाटतं गं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिला विचारायचं राहून गेलं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, पुढं विचारू कधीतरी."

मग मी सांगायला लागले. पहिल्यांदा कळतच नाही, पोटात वारा फिरल्यासारखं वाटतं. मग एक दिवस बसमध्ये उभं असताना आतून कुणीतरी हलकेच टिचकी मारतं, आणि एवढ्या गर्दीत आपण एकट्याच हसत असतो. आप्पा ऐकत होते. हातातली शेंग तशीच राहिली होती. मी थांबले, तसे ते म्हणाले, "अजून सांग."